सोलापुरात बसून देशभरच्या थंडीचा अंदाज कसा वाचावा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आपल्याकडे एकच प्रश्न सुरू होतो, "औंदा थंडी पडंल का ओ?" मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवणारा विचारतो, नान्नजचा द्राक्ष बागायतदार विचारतो, पोराला दिल्लीला शिकायला पाठवलेली आईही विचारते. उत्तर म्हणून मोबाइलवर एखादी बातमी येते, 'राज्य गारठणार, पारा ८ अंशांवर'. दुसऱ्या दिवशी दुपारी सात रस्त्यावर ऊन चटके देत असतं, पारा ३१ वर असतो आणि लोक हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडतात. बहुतेक वेळा अंदाज बरोबरच असतो. तो निफाडचा असतो, पहाटेचा असतो आणि आपण तो सोलापूरच्या दुपारला लावलेला असतो.

हिवाळ्याचे अंदाज नव्यानं वाचायला शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गणित फार लागत नाही. अंदाज कुठला, कधीचा, सरासरीच्या किती खाली आणि हवा कुठून येते आहे, हे चार प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं काम होतं. माझा सगळ्यात जास्त भर चौथ्या प्रश्नावर आहे. उत्तरेकडचा कोरडा गारठा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची ओढाताण नेमकी आपल्या डोक्यावर चालते. त्यामुळे सोलापूरची थंडी समजून घ्यायची तर श्रीनगरची बातमी वाचावी लागते आणि चेन्नईचीही.

पहिली पायरी: अंदाज कुणासाठी आहे ते बघा

भारतीय हवामान विभाग १८७५ साली सुरू झाला. आज हा विभाग देशाचे ३६ हवामान उपविभाग धरतो. त्यातले चार महाराष्ट्राच्या वाट्याला येतात: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सोलापूर मध्य महाराष्ट्रात मोडतं. इथंच नवख्या माणसाची पहिली फसगत होते, कारण याच उपविभागात नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूरही येतात. नंदुरबार आपल्यापासून सरळ रेषेत ४०० किलोमीटरहून लांब आहे. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी थंडीची लाट' असं वाचलं की पुष्कळदा ती ठिकाणं धुळे, जळगाव, नाशिक ही असतात.

उलट आपल्या शेजारचं तुळजापूर, धाराशिव आणि लातूर मराठवाड्यात जातं, तर विजयपूर आणि कलबुर्गी उत्तर अंतर्गत कर्नाटकात. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या माणसाला नाशिकपेक्षा कलबुर्गीचा अंदाज जास्त जवळचा पडतो. म्हणून माझा सल्ला असा, की उपविभागाचा अंदाज वाचून थांबू नका. हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवर सोलापूर शहराचा सात दिवसांचा अंदाज असतो, जिल्हावार इशारे वेगळे असतात आणि 'मौसमग्राम' या सेवेत गावाचं नाव किंवा पिनकोड टाकून तासातासाचा अंदाज मिळतो. उपविभागाचा अंदाज वारं कुठल्या दिशेनं फिरतंय हे समजण्यासाठी वाचा, निर्णय मात्र जिल्ह्याच्या आणि गावाच्या अंदाजावर घ्या.

निफाडबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण दर हिवाळ्यात ते नाव बातम्यांत येतं. तिथला आकडा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गोदावरीच्या खोऱ्यातला सखल भाग, आजूबाजूला ओलिताची शेती आणि उत्तरेकडून येणाऱ्या हवेची वाट, यामुळे तिथं पारा फार खाली जातो. ती नोंद खरीच असते, पण ती निफाडची असते.

दुसरी पायरी: आकड्याशेजारी सरासरी ठेवा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरचं सरासरी किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असतं, तर कमाल ३० च्या जवळपास. म्हणजे आपल्याकडे भर हिवाळ्यातही पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचं अंतर असतं. पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, ही सोलापूरची नेहमीचीच थंडी आहे.

किमान तापमान सकाळी साडेआठला नोंदवतात, कमाल संध्याकाळी साडेपाचला. पारा सर्वांत खाली असतो तो सूर्योदयाच्या आसपास. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मध्यरात्रीपेक्षा सकाळी साडेसहाचा गारठा जास्त बोचतो. हवामान विभागाचा दिवसही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. 'बुधवारसाठी इशारा' म्हणजे गुरुवारची पहाटसुद्धा त्यात आली, हे पहाटे बागेत पाणी सोडणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं.

आता 'थंडीची लाट'. बातमीत हा शब्द सैलपणे वापरला जातो, हवामान विभाग मात्र तो मोजून वापरतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. घसरण त्याहून मोठी असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा खाली आला तर लाट, आणि २ किंवा खाली आला तर तीव्र लाट. डोंगराळ भागात पहिली अट १० ऐवजी शून्य अंशाची आहे, किनाऱ्यावर १५ ची. शिवाय एकाच ठिकाणी एकच रात्र गारठून भागत नाही. उपविभागात किमान दोन ठिकाणी सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

एक उदाहरण करून बघा. सोलापूरची सरासरी १५.५ धरली आणि पारा १०.८ वर आला. घसरण ४.७ अंशांची, पण १० च्या वर, म्हणून लाटेच्या निकषात बसत नाही. तोच पारा ९.८ वर गेला की बसतो. दिल्लीत जानेवारीच्या पहाटेची सरासरीच सातच्या आसपास असते. तिथं ५ अंश म्हणजे नेहमीची थंडी. सोलापूरकर ९.८ मध्ये कुडकुडतो आणि दिल्लीकर ५ मध्ये कामाला निघतो, आणि दोन्ही ठिकाणचे अंदाज आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून 'पारा किती' या प्रश्नाच्या मागोमाग 'सरासरीपेक्षा किती खाली' हेही विचारा. पत्रकात तो फरक उणे किंवा अधिक चिन्हासह दिलेला असतो.

तिसरी पायरी: हवा कुठून येते आहे ते शोधा

इथं थोडा वेळ काढा. हे एकदा समजलं की बाकीचा अंदाज आपोआप उलगडतो.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं, इराण-अफगाणिस्तान ओलांडून, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर पावसाळी प्रणाली एकामागून एक येत राहतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. तो आला की जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडात बर्फ पडतो, तर पंजाब-हरियाणात गव्हाला जीवदान देणारा पाऊस. झंझावात डोक्यावर असताना ढगांमुळे तिथल्या रात्री उलट थोड्या उबदार होतात. खरी थंडी तो पुढे सरकल्यावर सुरू होते. आकाश मोकळं होतं, बर्फावरून आलेली कोरडी हवा वायव्येकडून मैदानात उतरते, मग राजस्थान, मध्य प्रदेश करत ती विदर्भ आणि खानदेशात पोचते. आपल्याकडे ती उशिरा आणि गारठा बराचसा ओसरून येते. 'काश्मीरमध्ये मोठी बर्फवृष्टी' ही बातमी वाचली, की पुढच्या दोन-चार दिवसांत भोपाळ, नागपूर, गोंदिया, जळगाव इथले आकडे बघत राहायचे. ते एकामागून एक घसरायला लागले तर सोलापूरची पाळी येऊ शकते.

'येऊ शकते' असंच म्हणायला हवं, कारण वाटेत दुसरी बाजू आडवी येते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तामिळनाडूच्या ईशान्य मोसमी पावसाचा काळ. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं याच दिवसांत तयार होतात. त्यांच्यामुळे पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून दमट हवा आंध्र, तेलंगणा, कर्नाटक ओलांडून थेट आपल्यापर्यंत येते. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला धडकलं. सोलापूरपासून ते शेकडो किलोमीटर लांब होतं, तरी त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रावर ढग आले आणि नोव्हेंबरअखेरीस जमत आलेली थंडी पळाली. द्राक्षवाले त्या दिवसांत फवारणीच्या मागे होते. चेन्नईची बातमी वाचा, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

वाऱ्याची दिशा वाचताना नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. 'ईशान्येचा वारा' म्हणजे ईशान्येकडून आलेला वारा. ॲपवरचा बाण मात्र पुष्कळदा वारा जिकडे चालला आहे तिकडे टोक करून असतो. त्यामुळे ईशान्येच्या वाऱ्याचा बाण नैऋत्येकडे रोखलेला दिसेल. अक्षरं आणि बाण जुळत नाहीत असं वाटलं तर घाबरू नका, दोन्ही एकच गोष्ट सांगत असतात.

चौथी पायरी: दवबिंदू बघा

सोलापुरात हिवाळ्यातला वारा बऱ्याचदा ईशान्य किंवा पूर्वेकडूनच असतो, मग तो कोरडा आहे की दमट हे नुसत्या दिशेवरून कळत नाही. ते दवबिंदू सांगतो. हवा किती अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो दिलेला असतो, पण कुणी बघत नाही.

दव पडायला लागलं की उष्णता बाहेर पडते आणि पाऱ्याची घसरण मंदावते. त्यामुळे पहाटेचं तापमान संध्याकाळच्या दवबिंदूच्या फार खाली सहसा जात नाही, हवाच बदलली तर गोष्ट वेगळी. एवढ्या एका गोष्टीवर घरबसल्या चांगला अंदाज बांधता येतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तीन गोष्टी बघा: दवबिंदू, आकाश आणि वारा. दवबिंदू ७-८ अंश, आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल, तर जमीन दिवसभर घेतलेली ऊब रात्री मोकळ्या आकाशात सोडून देते आणि पहाट चांगलीच गारठते. दवबिंदू १७ आणि वर ढग असतील, तर बातमी काहीही म्हणो, रात्रीचं एक पांघरूण पायाशी सारलं जाणार. हवा कोरडी आहे पण रात्रभर वारा वाहतोय, अशा वेळी अंगाला गार लागतं, पारा मात्र तितका उतरत नाही, कारण जमिनीलगतची थंड हवा आणि वरची उबदार हवा सारखी मिसळत राहते.

वेधशाळेचा तापमापी जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. निरभ्र रात्री पिकाच्या पानावरचं तापमान त्यापेक्षा काही अंशांनी कमी असू शकतं. थंड हवा जड असते, ती उताराकडे वाहून ओढ्याकाठी आणि सखल रानात साचते. शहरातल्या सिमेंटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतात. ॲपवर १२ दिसत असताना सीना-भीमेकाठच्या मळ्यात त्याहून कमी असेल, हे गृहीतच धरा. बाग असेल तर घडांच्या उंचीवर एक साधा किमान-कमाल तापमापी टांगा. त्याचे आकडे आणि शहराच्या अंदाजाचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहीत गेलात, तर एका हंगामात आपल्या रानाचा फरक हाती लागतो. मग अंदाजातून तेवढे अंश वजा करायचे. माझ्या मते शेतकऱ्यासाठी या लेखातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे.

पाचवी पायरी: देशाच्या नकाशावर फिरा

सोलापूरचा माणूस फिरता आहे. कुणी तिरुपतीला निघतं, कुणी काशी-अयोध्येला, कुणाचं पोरगं सैन्यात लेहला असतं, कुणाचा डाळिंबाचा ट्रक दिल्लीच्या वाटेवर असतो. प्रत्येक प्रदेशाच्या अंदाजात बघायची गोष्ट वेगळी असते.

काश्मीर, लडाख आणि हिमाचलसाठी तापमानापेक्षा झंझावाताची तारीख महत्त्वाची. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान' सुरू होतो, हा तिथला सगळ्यात कडक काळ. श्रीनगरला रात्री पारा शून्याखाली असणं या दिवसांत नेहमीचंच. सहलीची तिकिटं काढून झालेली असतील तर आठवडाभर आधीपासून बर्फवृष्टीचे इशारे बघत राहा. जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फ आणि दरडींमुळे बंद पडतो, विमानं रद्द होतात. परतीच्या प्रवासात एक दिवस राखून ठेवा. डोंगरात उंचीही बघायला हवी. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणून मनालीचा अंदाज रोहतांगला चालत नाही.

पंजाबपासून दिल्ली, उत्तर प्रदेश आणि बिहारपर्यंतच्या मैदानात खरा शत्रू धुकं. झंझावाताच्या पावसानं ओली झालेली जमीन, कालव्यांची ओल, पडलेला वारा आणि मोकळी रात्र जुळून आली की शेकडो किलोमीटरचा धुक्याचा पट्टा तयार होतो. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं, ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. सोलापूरवरून जाणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसची वाट बघणाऱ्यांना हे सांगायला नको. आपल्या फलाटावर लख्ख ऊन असतं आणि गाडी उत्तरेतल्या धुक्यातून तासन्‌तास उशिरा येते. डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात दिल्लीकडे परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशी पोचणारी गाडी धरू नका.

याच मैदानात 'थंड दिवस' हा वेगळा इशारा असतो. धुक्याचा थर दिवसभर उन्हाला खाली येऊ देत नाही, तेव्हा किमान फार न घसरताही कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त खाली राहतं. ३० डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दुपारचं कमाल तापमान जेमतेम ९.४ अंश होतं. सोलापूरच्या कडक पहाटेइतकी ती दुपार होती. पहिल्यांदा तिकडे जाणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, तिकडच्या अंदाजात किमानाआधी कमाल बघा. दुपारी ऊन पडणार असेल तर ५ अंशांची पहाटही निभावते. ऊन पडणारच नसेल तर एका स्वेटरवर भागत नाही आणि धुतलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत.

राजस्थानात उलट. चुरू आणि शेखावाटीतल्या फतेहपूरसारख्या गावांत पारा शून्याजवळ जातो, कधी खालीही, पण दुपारी ऊन छान असतं. वाळू लवकर तापते आणि लवकर निवते.

दक्षिणेकडे जाताना थंडीचा आकडा जवळजवळ विसरा. जानेवारीतही चेन्नईची पहाट वीस अंशांच्या आसपास असते. तिरुपती, चेन्नई, नेल्लोर या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात जायचं असेल तर बंगालच्या उपसागराचं पत्रक वाचा. कमी दाबाचं क्षेत्र, मग तीव्र कमी दाब, मग चक्रीवादळ अशा पायऱ्या त्यात क्रमानं दिसतात. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानं बापटलाजवळ किनारा गाठण्याआधी चेन्नई पाण्यात बुडवली होती. तेलंगणात नातेवाईक असणारी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की आदिलाबादकडे थंडी आपल्याहून कडक असते.

ईशान्य भारतात हिवाळा कोरडा. पहाटे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात धुकं आणि संध्याकाळी साडेचारलाच अंधार, या हिशेबानं प्रवास आखा. मुंबई-कोकणात समुद्र रात्रीची ऊब धरून ठेवतो, म्हणून कुलाब्याचं किमान सांताक्रूझपेक्षा बहुधा जास्त दिसतं. मुंबईची थंडी बघायची तर सांताक्रूझचा आकडा बघा.

सहावी पायरी: शब्द आणि रंग

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. रंगांत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग संकटाची तीव्रता आणि शक्यता मिळून ठरतो, त्यामुळे पिवळा दिसला म्हणून काम बंद ठेवायचं कारण नाही. उपग्रहाच्या चित्रांवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते.

सातवी पायरी: किती लांबचं धरायचं

जानेवारीत पुढच्या वर्षाचं भाकीत ऐकायची सोलापूरला जुनी सवय आहे. गड्ड्याच्या यात्रेत होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्या हालचालींवरून पाऊसपाण्याची आणि बाजारभावाची भाकणूक सांगतात आणि लोक ती श्रद्धेनं ऐकायला होम मैदानावर थांबतात. त्या श्रद्धेची जागा वेगळी, फवारणी आणि प्रवास ठरवायच्या अंदाजाची वेगळी.

किमान तापमानाचा दोन-तीन दिवसांचा अंदाज कामासाठी भरवशाचा धरावा. पाचव्या दिवसापर्यंत दिशा धरावी, 'घसरण होईल' किंवा 'वाढ होईल' एवढी. सहाव्या-सातव्या दिवसाच्या आकड्यावर मजूर सांगू नका. दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, त्यात आठवडाभराची सरासरी असते. नोव्हेंबर संपताना डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज येतो, तो शक्यतेच्या भाषेत असतो. 'किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' असं म्हटलं तरी मधले चार-पाच दिवस कडाक्याची थंडी पडू शकते आणि त्या चार-पाच दिवसांत द्राक्षांचं नुकसान होऊ शकतं. कुठल्याशा ॲपवर पंचेचाळीस दिवसांपुढच्या एका पहाटेचं नेमकं तापमान दिसतं, त्याकडे बघूही नका.

अंदाज रोज ठराविक वेळी बघा. सकाळी झालेली नोंद आणि दुपारचं मुख्य पत्रक, इतकं पुरतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या नकाशावर तारीख आणि देणाऱ्या कार्यालयाचं नाव नसेल तर तो पुढे पाठवू नका. मागच्या वर्षीचे नकाशे दर हिवाळ्यात नव्यानं फिरतात.

आठवी पायरी: अंदाज हाती आल्यावर

द्राक्षाला पारा ८-१० अंशांच्या खाली जाणं जाचक, मण्यांची फुगवण थांबते. घसरणीचा अंदाज असेल तर रात्री किंवा पहाटे ठिबकनं हलकं पाणी द्यावं, ओली जमीन ऊब धरून ठेवते. बांधावर पहाटे धूर करायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. ढगाळ दमट हवेचा अंदाज असेल तर काळजी उलटी, मग भुरी आणि डावणी या रोगांकडे बघायचं. डाळिंबाला दिवस-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत सोसत नाही, फळं तडकतात, म्हणून पाण्याच्या पाळ्या नेमानं द्याव्यात. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला त्यासाठी बघावा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला कोरडी थंडी मानवते. ढगाळ हवा लांबली तर मावा येतो, पानांवर चिकटा पडतो. फुलोऱ्यात फारच गारठा पडला तर कणसात दाणा कमी भरतो. पिकांचे सल्ले 'मेघदूत' ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात.

कांदा बाजारात आणणाऱ्यांनी पूर्वेकडच्या ढगांवर नजर ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजारात आवक तुंबलेली असते आणि एका अवकाळी सरीनं उघड्यावरचा माल भिजतो. पहाटे पुण्याकडे निघणाऱ्यांनी टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या उजनीकाठच्या पट्ट्यात धुकं धरूनच वेळ काढावी.

घरात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील तर गारठ्याच्या दिवसांत पहाटेची अंघोळ आणि फिरणं ऊन चढेपर्यंत पुढे ढकला. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीच झोपू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. गड्ड्याला लहान मुलांना घेऊन जाताना उकडत असलं तरी येतानाचा स्वेटर बरोबर ठेवा.

फेब्रुवारी लागला की वाचनाची पद्धत बदला. आता किमान तापमान मागे पडतं. पश्चिमी झंझावाताचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला आणि त्याच वेळी उपसागर व अरबी समुद्रावरून दमट हवा आली, तर विजा आणि गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये महाराष्ट्रात अशीच गारपीट झाली होती आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बागाही तिच्यात सापडल्या होत्या. या दिवसांत पत्रकात 'मेघगर्जना', 'गारपीट' आणि 'सोसाट्याचा वारा' हे शब्द आधी शोधा. विजांसाठी 'दामिनी' ॲप चालू ठेवा. नारिंगी इशारा आला तर खळ्यावरच्या कणसांवर ताडपत्री ओढा, बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडा आणि काढणीला आलेला द्राक्षमाल एक दिवस आधी उतरवता येतो का, ते व्यापाऱ्याशी त्याच संध्याकाळी बोलून घ्या.